प्रयोगाचं पाणी

सर, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता थोडा वेळ लागतो. चेहरा मात्र लगेच आठवतो. मागच्या महिन्यात उदगीरहून शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. नवी प्रयोगशाळा बांधून झाली आहे, तिला तुमचं नाव द्यायचं ठरलं आहे, त्या निमित्तानं एक गौरव अंक निघतो आहे आणि त्यात पहिला लेख माझा हवा आहे. "मॅडम, सरांच्या हाताखालून एवढी लेकरं गेली, पण आभाळात पोचलेल्या तुम्ही एकट्याच," ते म्हणाले. मी आभाळात पोचलेली नाही, दिवसभर संगणकासमोर बसून आकडे चाळते, असं मी त्यांना सांगितलं. "तेच ते," ते म्हणाले. तीन-चार पानं हवीत, एक फोटो हवा आणि जमलं तर तुमची एखादी हृद्य आठवण. हृद्य हा शब्द त्यांचा. माझ्याजवळ तुमची एकच मोठी आठवण आहे आणि ती हृद्य नाही. म्हणून लेखाच्या आधी हे पत्र लिहायला बसले. ते तुम्हांला मिळणार नाही हे मला कळतं. पण जिवंत माणसांपैकी कुणालाही हे सांगायची वाट मी स्वतःच्या हातानं बंद करून ठेवली आहे. ती कशी, तेही सांगते.

मी नववीत होते. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. त्याआधी जिल्ह्याचं काही काम निघालं की उस्मानाबादची एसटी धरावी लागायची. आता कलेक्टर लातूरलाच बसणार म्हणून आमच्याकडं सगळ्यांच्या अंगात आलं होतं. त्या नव्या कचेरीत माझे वडील शिपाई म्हणून लागले. आठवडाभर ते लातूरला राहायचे आणि शनिवारी संध्याकाळी उदगीरला येऊन साहेबांच्या टेबलांची, कपाटांची, खोक्यातून अजून न काढलेल्या पंख्यांची वर्णनं सांगायचे. जिल्हा जणू त्यांनीच डोक्यावरून वाहून आणला होता. आई रोजगार हमीच्या कामावर रस्त्याची खडी फोडायला जायची. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं आणि त्या वर्षी तर थंडीतच विहिरींचे तळ दिसायला लागले. आमच्या वस्तीत टँकर दिवसाआड यायचा. घरटी तीन घागरी. त्यात पिणं, स्वयंपाक, धुणं आणि आम्ही चौघं.

शाळेतला नळ दिवाळीलाच कोरडा पडला होता. आणि नेमकं त्याच वर्षी नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन लातूरला भरायचं होतं. शाळाशाळांतून प्रयोग निवडायला साहेब लोक येणार होते. तुम्ही प्रयोग ठरवलात तो पाण्याचा. पाण्यात बुडवलेल्या वस्तूचं वजन कमी का भरतं, किती कमी भरतं, आणि बाहेर सांडलेलं पाणी तोललं तर तेवढंच का भरतं. दुष्काळात पाण्याचा प्रयोग निवडणारा शिक्षक म्हणून मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता, हे इथं नोंदवून ठेवते. तुम्ही वर्गात उभं राहून म्हणालात, "पाणी काही मी खिशातून काढणार नाही. घरून तांब्याभर कोण आणतंय? जो आणेल, त्यानंच साहेबांपुढं प्रयोग करायचा." सगळा वर्ग खाली बघायला लागला. तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते त्या वर्षी सगळ्यांना माहीत होतं. मी हात वर केला. तुम्ही माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलंत आणि म्हणालात, "बरं. परवा आण."

ते जरा जास्त वेळ बघणं मी पुढं किती वेळा आठवलं असेल, सर. तेव्हा मला वाटलं की तुम्हांला माझं कौतुक वाटलं.

आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. खडी फोडून तिच्या बोटांना भेगा पडलेल्या, त्यांत ती तेल भरत होती. ती म्हणाली, "तांब्याभर? आन् सरांनी मागितलं? मंग देऊ की. मी डोस्कं धुवायचं ऱ्हाऊ देते ह्या बारीला." टँकरचं पाणी लालसर यायचं. तिनं ते जुन्या लुगड्याच्या दुहेरी कापडातून गाळलं, मग त्यात तुरटी फिरवली आणि रात्रभर झाकून ठेवलं. सकाळी वरचं वरचं निवळ पाणी अलगद तांब्यात ओतलं, खाली बसलेला गाळ भांडी घासायला ठेवला. "शिकलेलं माणूस हाय. गढूळ पानी दिलंस तर काय म्हनतील, ह्यांच्या घरी पानी गाळायची पन अक्कल न्हाई," असं म्हणून तिनं तांब्यावर वाटी पालथी घातली. त्या तांब्याला तळाशी एक पोचा होता. शाळेत जाताना मी दोनदा वाटी उचलून बघितलं. पाण्यातून तो पोचा स्वच्छ दिसत होता. ही माझी त्या दिवसाची नोंद आहे आणि ती मी आजवर बदललेली नाही.

तुम्ही प्रयोगशाळेच्या ओट्यावर उभे होता. हातात स्प्रिंगचा काटा, त्याला लटकवलेला लोखंडी ठोकळा. मी तांब्या पुढं केला. तुम्ही हात पुढं केला नाहीत. जिथं होता तिथूनच मान थोडी वाकवलीत, बघितल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "गढूळ आहे गं. चालायचं नाही. जा, त्या लिंबाला घाल. झाड तरी जगेल." आवाज चढवला नाहीत. वर्गातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट झाडाची काळजी करणारा माणूस म्हणून त्या दिवशी तुमचा मान वाढलाच असेल. मी "हो सर" म्हणाले. ओट्यावरून उतरले, लिंबापाशी गेले आणि आईचं डोकं धुवायचं पाणी माझ्या हातानं मातीत ओतलं. माती इतकी वाळलेली होती की पाणी आधी वरच थांबलं आणि मग एकदम गेलं. रिकामा तांब्या दप्तरात ठेवून मी परत बाकावर येऊन बसले. मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, इतकी वर्षं ते आत साठलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पाणी आलं होतं धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानातून, पितळी कळशीत, हमालाच्या खांद्यावरून. त्या दुकानदाराची मुलगी माझ्याच बाकावर बसायची. प्रयोग तिनं केला. मला तुम्ही फळ्यापाशी उभं केलंत, कारण माझं गणित चांगलं होतं. ती काट्यावरचं वजन मोठ्यानं वाचायची, मी फळ्यावर लिहून वजाबाकी करायची. साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. लातूरला मात्र ती गेली. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये बाकं लावायच्या कामावर माझ्या वडिलांना लावलं होतं. आपली लेक येणार म्हणून त्यांनी कचेरीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं. त्यांनी एकेक टेबल फिरून मला शोधलं, हे मला आईकडून कळलं. त्यांनी स्वतः मला कधीही त्याबद्दल विचारलं नाही. ते आता नाहीत.

मी काय काम करते ते तुम्हांला समजेल अशा भाषेत सांगते, कारण तुम्ही विज्ञानाचे शिक्षक होता आणि तेवढं श्रेय मी नाकारत नाही. आकाशातल्या दीर्घिकांमधले तारे इतक्या जोरानं फिरतात की जेवढं वस्तुमान डोळ्यांना दिसतं तेवढ्याच्या ओढीनं ते धरून राहणं शक्य नाही. ते केव्हाच सुटून गेले असते. म्हणजे न दिसणारं काहीतरी पुष्कळ तिथं आहे आणि ते त्यांना धरून आहे. त्याला डार्क मॅटर म्हणतात, पुस्तकी मराठीत कृष्णद्रव्य. ते प्रकाश देत नाही, अडवत नाही. एक अंदाज असा की त्याचे कण कधीमधी एकमेकांवर आदळून नष्ट होतात आणि त्यातून गॅमा किरण निघतात. ते किरण आपल्या हवेत शिरले की निळसर उजेडाची अगदी पुसट चमक उठते, डोळ्यांना न दिसणारी. मोठमोठे आरसे लावलेल्या दुर्बिणी ती चमक पकडतात. मी त्या चमकांमध्ये कृष्णद्रव्याची खूण शोधते. तीस वर्षं होत आली. सापडलेली नाही. मला एकटीलाच नव्हे, पक्की म्हणावी अशी खूण अजून कुणालाच सापडलेली नाही.

या कामात खरी अडचण वेगळीच असते. आभाळात गॅमा किरणांचा तोटा नाही. मेलेल्या ताऱ्यांचे गाभे ते फेकतात, इतर कणही तसल्याच चमका उठवतात. खूण दिसली तरी ती हव्या त्या गोष्टीची की नेहमीच्याच गोंगाटाची, हे ठरवायचं कसं? म्हणून आम्ही दुर्बीण शोधायच्या जागेच्या थोडी शेजारी रोखतो. म्हणजे शोधायची जागाही दिसते आणि तेवढ्याच आकाराची, जिथं काही नाही अशी जागाही दिसते. रिकाम्या जागेत जेवढं भरतं तेवढं वजा करायचं. उरलं तर बोलायचं. आणि दुसरा नियम त्याहून कडक. कुठल्या चमका धरायच्या, कुठल्या टाकायच्या, हे सगळं आधी कागदावर ठरवून घ्यायचं, तोवर शोधायच्या जागेचे आकडे झाकून ठेवायचे. एकदा झाकण उघडलं की नियम बदलायचा नाही. कारण माणसाला जे बघायचं असतं ते तो बघतोच.

एकदा एका बटू, म्हणजे अगदी लहान, दीर्घिकेच्या दिशेनं थोडं जास्त भरलं होतं. चार महिने मी जमिनीवर नव्हते. आणि तुम्हांला खरं सांगते सर, त्या चार महिन्यांत मी माझ्या सहकाऱ्यांचा, नवऱ्याचा, मुलाचा जेवढा विचार केला त्याहून जास्त तुमचा केला. हे पक्कं झालं की मी उदगीरला येणार, तुम्ही म्हातारे होऊन खुर्चीत बसलेले असाल, आणि शाळेच्या त्याच ओट्यावर उभी राहून मी माईकवरून तांब्याची गोष्ट सांगणार, असं मी ठरवलं होतं. वाक्यं तयार होती. तुमच्या शेजारी कोण बसेल, तेही मी योजलं होतं. पुढं दुर्बिणीनं आणखी आकडे दिले आणि ते जास्तीचं हळूहळू विरघळून गेलं. त्याच सुमारास तुम्हीही गेलात. मला दोन्हीचं वाईट वाटलं, पण तुमच्या जाण्याचं वाईट वाटलं ते तुम्ही ऐकल्याशिवाय सुटलात म्हणून.

पण एक शंका मला सोडत नव्हती, आणि तीच शंका मला माझ्या धंद्यानं शिकवलेली. तुम्ही माझं पाणी ओतायला लावलंत ते मी बौद्धांच्या वस्तीतली म्हणून, की तुम्ही सगळ्यांशीच तसे वागायचा म्हणून? तुमचा नेहमीचा गोंगाट मोठा होता. वाण्याच्या पोरालाही तुम्ही फूटपट्टीनं बडवलंत. तहसीलदाराच्या मुलीचं जर्नल खिडकीतून भिरकावलंत. रेषा वाकडी आली तरी तुमचा पारा चढायचा. त्या हिशोबानं तांब्यातला एखादा कणही तुम्हांला गढूळ वाटू शकला असता. आणि वर ते लॉग टेबल. दहावी झाल्यावर मी नांदेडच्या कॉलेजात जाणार हे कळल्यावर तुम्ही मला घरी बोलावलंत, दारातच उभं ठेवून तुमचं स्वतःचं लॉग टेबलचं पुस्तक हातात दिलंत. पहिल्या पानावर तुमची सही. "हे वापर. नवं घ्यायची गरज नाही. आणि तिथं गेल्यावर कुणाला घाबरू नकोस," असं म्हणालात. दारात उभं ठेवणं मोजायचं की पुस्तक देणं मोजायचं? नांदेडला दोन वर्षं मी प्रत्येक गणित त्याच पुस्तकातून सोडवलं, आणि प्रत्येक वेळी ते उघडताना मला स्वतःची चीड यायची. माणूस पुरता वाईट असता तर माझं काम किती सोपं झालं असतं.

म्हणून मुख्याध्यापकांच्या फोननंतर मी ठरवलं की आता झाकण उघडायचंच. माझ्या त्या बाकावरच्या मैत्रिणीचं सासर मुदखेडला. स्टेशनापासून जवळच त्यांचं किराणा दुकान आहे. मी सांगून गेले नाही. ती गल्ल्यावर बसली होती. उठून इतक्या जोरात मिठी मारली की माझा चष्मा खाली पडला. "अगं बाई! इकडं कशी काय? टीव्हीवर आलीस तवा मी समद्यांना दाखवलं बग, ही माझ्या बाकावरची म्हनून." आतल्या खोलीत तिनं मला जेवायला बसवलं, माझ्याच ताटातली मिरची उचलून खाल्ली. मी निघतानाच मनाशी नियम ठरवून आले होते. मी काही सुचवायचं नाही, माझ्या तांब्याचा उल्लेख करायचा नाही, फक्त त्या प्रयोगाचं पाणी कसं आलं तेवढं विचारायचं. जे येईल ते मान्य करायचं. मी विचारलं.

"आमच्या दुकानातनंच गेलं की," ती म्हणाली. "लई धांदल झाली हुती. कळशीत गव्हाचा भुसा पडलेला, सरांनी खिशातला रुमाल काढून सोता गाळलं."

"पण सर तुमच्याकडं आले कधी? आदल्या दिवशी?"

"न्हाई गं. त्याच्या बी आदी. तू वर्गात हात वर केलास बग, त्याच दिवशी सांजच्याला आले. माझे आप्पा गादीवर बसलेले. मी आतून च्या घिऊन आले, म्हनून ध्यानात हाय." ती हसली. चांगली आठवण सांगावी तसं सांगत होती. "आप्पांना म्हनले, पोरीनं हात वर केलाय, वर्गात न्हाई म्हनून तिचं मन मोडवत न्हाई. आणू दे तिला. पन पानी तुमच्या घरचंच पाटवा. साहेब लोक हायत, हात घालतील पान्यात, उगं चर्चा नको. आप्पा हाव म्हनले."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. ती हातातली वाटी खाली ठेवून म्हणाली, "तुला म्हाईत नव्हतं व्हय? मला वाटलं तुला ठावं आसंल. मला तरी काय कळत हुतं गं तवा? लातूरला जायला मिळतंय एवढंच कळत हुतं." तिच्यावर माझा राग नाही. तो तिच्यावर काढणं सोपं आहे म्हणूनच नाही.

तर सर, झाकण उघडलं. आईनं तुरटी फिरवायच्या आदल्या संध्याकाळीच माझं पाणी गढूळ ठरलं होतं. तुम्ही तांब्यात वाकून बघितलंत ते कशासाठी? निकाल लिहून झाल्यावर प्रयोग करून दाखवण्याइतका खोटेपणा तुमच्या कुठल्याच विद्यार्थ्यानं केला नसेल, आणि जर्नलात मागच्या वर्षीचे आकडे उतरवणाऱ्या पोरांना तुम्ही मारायचात. तुमचा संताप, तुमची शिस्त, तुमचं लॉग टेबल, सगळं वजा केल्यावरही हे उरतं. मी आयुष्यभर आभाळात शोधून मला एक पक्की खूण मिळाली नाही, ती मुदखेडला एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत मिळाली. आणि मला आनंद झाला. दुःख नाही, आनंदच. परतीच्या गाडीत मी लेखाची पहिली चार वाक्यं मनात लिहिली. तुमच्या नावाची पाटी लागेल त्याच दिवशी अंक वाटला जाणार, पहिल्याच पानावर माझा फोटो आणि खाली ते सगळं. तुमची मुलं पहिल्या रांगेत बसतील. अंक उघडतील. मला त्यांचे चेहरे बघायचे होते. मेलेल्या माणसाचा सूड घ्यायला तेवढंच शिल्लक राहतं आणि ते मला पुरलं असतं.

मुदखेडहून मी थेट लातूरला आले, आई आता तिथंच राहते. मुख्याध्यापकांनी तिलाही फोन केला होता. पाटीच्या दिवशी तिचाही सत्कार करणार आहेत, शाल आणि श्रीफळ. ती पंच्याऐंशीच्या घरात आहे, कानाला कमी येतं, पण ती बातमी तिनं नीट ऐकली होती. दारातच मला म्हणाली, "कवा हाय गं ते? पांढरं लुगडं नेसू का निळ्या काठाचं?" आणि शेजारची बाई बसली होती तिच्याकडं वळून तिनं ती गोष्ट पुन्हा सांगायला घेतली, जी मी चाळीस वर्षं ऐकते आहे. की कसा दुष्काळ होता, कसं सरांनी माझ्या लेकीला पाणी मागितलं, कशी मी तुरटी फिरवली, आणि कसा त्याच पाण्यानं साहेबांपुढं प्रयोग झाला. "उरलं ते सरांनी वतलं न्हाई, झाडाला घातलं. आसा मानूस," ती म्हणाली.

कारण तांब्या घेऊन मी घरी गेले त्या संध्याकाळी तिनं विचारलं होतं, "झाला का प्रयोग?" खडीची धूळ अजून तिच्या पापण्यांवर होती. साहेब उद्या यायचे होते, तरी मी म्हणाले, झाला. "पानी पुरलं?" पुरून उरलं, उरलेलं सरांनी लिंबाला घातलं. "काय म्हनले सर?" पाणी लई स्वच्छ हाय म्हणाले. निवड झाली नाही ते कळल्यावर वडील गप्प गप्प राहायला लागले, तेव्हा तिनंच त्यांना समजावलं, पोरगी गेली न्हाई तर न्हाई, पानी तर आपलं होतं. दुसऱ्या दिवशी हमीच्या कामावरच्या सगळ्या बायांना तिनं हे सांगितलं. विहारात सांगितलं. माझ्या लग्नात सांगितलं. मला नोकरी लागली तेव्हा पेढ्यांबरोबर सांगितलं. तिला आयुष्यात कुणी काही मागितलं नाही, सर. कामं सांगितली, पण मागितलं नाही. तुम्ही एकदा तांब्याभर पाणी मागितलंत, असं ती समजते, आणि त्यावर ती उभी आहे. आता तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की ते तुम्ही कधी हातातही घेतलं नाहीत? गौरव अंक घरोघर जाईल. कुणीतरी तिला तो वाचून दाखवणारच, ती स्वतःच कुणाला तरी बसवून वाचून घेईल.

म्हणून लेख मी लिहिला आणि काल पाठवून दिला. त्यात तिची गोष्ट आहे. तिनं गाळलेलं, तुरटीनं निवळलेलं पाणी, आणि त्या पाण्यानं तुम्ही केलेला प्रयोग. खाली माझी सही. तीस वर्षांत मी एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. काही सापडलं नाही तिथं काही सापडलं नाही असंच लिहिलं, लोक कंटाळले तरी लिहिलं. पहिली खोटी नोंद केली ती तुमच्यासाठी. पण यात माफी वगैरे शोधू नका. तुमची पाटी शाबूत राहील, तुमची मुलं मान वर करून बसतील, लोक टाळ्या वाजवतील, ते सगळं एका बाईमुळे. तिच्या घरचं पाणी साहेबांच्या हाताला लागू नये म्हणून तुम्ही संध्याकाळी दुकानाच्या पायऱ्या चढला होता. आज तुमची अब्रू तिच्या पदराखाली आहे आणि तिला त्याचा पत्ताही नाही. तुम्हांला कुठं काही कळत असेल तर हे कळावं, एवढीच माझी इच्छा आहे. आई हात जोडेल तुमच्या फोटोला, मी तिला अडवणार नाही. मी जोडणार नाही.

हे पत्र मी फाडणार नाही. पाकिटावर शाळेचा पत्ता घालून ते कपाटात ठेवणार आहे. आई आहे तोवर ते तिथंच राहील. नंतर मी ते शाळेला पाठवीन, आणि त्यांनी छापलं नाही तर मी स्वतः छापीन, असं मी ठरवलं आहे. ठरवताना मला ते अगदी न्याय्य वाटलं होतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. आज पहाटे आईला ताप भरला. फार नाही, डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले, आता ती पेज पिऊन झोपली आहे. मी तिच्या कपाळाला हात लावला, तो चटका बसला, आणि माझ्या मनात आधी या पत्राचा विचार आला. आईची काळजी मागून आली.